सकाळची नोंद

सांगली हे वेटलिफ्टिंगचं गाव. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्यपदक मिळवणारा संकेत सरगर इथलाच. त्यामुळे इथल्या पोरांना बारवर लाल प्लेट चढवायची फार घाई. लाल प्लेट म्हणजे एका बाजूला 25 किलो.

असाच एक घाईचा मुलगा एका व्यायामशाळेत यायचा. एका संध्याकाळी बार उचलताना त्याच्या पाठीला बाक आला, बार अंगापासून लांब गेला आणि कंबरेत उसण भरली. दुसऱ्या दिवशी कळ कुल्ल्यातून थेट पोटरीपर्यंत उतरली. मोजे घालायलाही आई लागू लागली. एमआरआयमध्ये दिसलं की खालच्या मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणाऱ्या नसेला टेकली आहे.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ओसरतो. बाहेर आलेला भाग बरेचदा शरीर स्वतःच जिरवतं. पण नुसता पडून राहू नकोस, चालत राहा."

कळ जरा कमी झाली आणि मुलगा व्यायामशाळेत हजर. सरांनी त्याच्या हातात बार दिला नाही, एक काठी दिली. काठी पाठीवर उभी धरायची. डोक्याला, दोन्ही खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाच्या वर अशी तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. मग खुब्यातून वाकायचं. एक जरी जागा सुटली, तरी पुन्हा पहिल्यापासून.

"सर, काठीनं कसली ताकद येणार?"

सरांनी एक वही पुढे केली. "यात किलो लिहू नकोस. रोज सकाळी उठल्यावर कंबर कशी आहे, पायात मुंग्या आहेत का, एवढंच लिही. आज उचललेलं वजन पाठीला पेललं की नाही, ते उद्या सकाळी कळतं."

काही दिवस वही नीट चालली. मग जिल्हा स्पर्धा जवळ आली. सर नसताना मुलाने बारवर जड निळ्या प्लेटा चढवल्या आणि उचलल्या. काहीच दुखलं नाही! खुशीत घरी गेला. सकाळी दात घासायला बेसिनवर वाकला आणि त्याला सरळ होता येईना. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून दुखऱ्या कंबरेला सकाळचं वाकणं सगळ्यात महाग पडतं.

त्या दिवसाचं पान त्याने कोरं ठेवलं. सरांनी ते पाहिलं, पण ओरडले नाहीत. म्हणाले, "मीराबाई चानू 2017 ची विश्वविजेती. 2018 मध्ये कंबर दुखावली, तर तिने एशियाड सोडलं. 2021 मध्ये टोकियोत एकूण 202 किलो उचलून तिने ऑलिंपिकचं रौप्यपदक घेतलं. आणि लेका, तुला जिल्हा स्पर्धा सोडवत नाही?"

मुलाने स्पर्धा सोडली. पुन्हा काठी, पुन्हा चालणं. मग 20 किलोचा नुसता बार. सकाळ चांगली गेली तर थोडं वजन वाढवायचं, मुंग्या आल्या तर उतरवायचं. एकदा त्याने घाबरून लिहिलं, "पोटरी दुखत नाही, पण कंबर जास्त दुखते." फिजिओथेरपिस्ट मॅडमना ते वाचून आनंद झाला. पायातली कळ मागे सरत कंबरेत गोळा होणं हे बहुधा सुधारणेचं लक्षण असतं, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं. आजच्या जोरावर विसंबला तेव्हा तो मागे पडला होता. सकाळचं ऐकू लागला आणि पुढे सरकला.

पुढच्या वर्षी तो स्पर्धेत उतरला. आकडा त्याच्या जुन्या आकड्यापेक्षा कमीच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पायात मुंग्या नव्हत्या. सरांनी त्यालाच निकाल मानलं.

वजन उचलणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने अशी वही ठेवावी. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.