अंगावरच्या लवेची कैफियत

मनुष्याच्या अंगावर केस किती, हे मोजण्याची उत्सुकता आपल्या पूर्वजांना पुष्कळ होती. ते केस कशासाठी, हा प्रश्न मात्र त्यांनी क्वचितच विचारला. गर्भोपनिषदाने रोमांची संख्या साडेतीन कोटी सांगितली, तर चरकसंहितेच्या शारीरस्थानात केस, दाढीमिशा आणि लोम मिळून २९,९५६ असा अगदी शेवटच्या एककापर्यंत हिशेब दिलेला आढळतो. आधुनिक शरीरशास्त्र हा आकडा सुमारे ५० लाखांवर नेते, आणि त्यांपैकी डोक्याच्या वाट्याला जेमतेम १ लाख येतात. म्हणजे सत्य दोन्ही प्राचीन आकड्यांच्या मधल्या विस्तीर्ण प्रदेशात कोठेतरी पडले होते, असे म्हणावयास हरकत नाही. आयुर्वेदाला या केसांची चिंता होती ती त्यांच्या उगमापुरती. केस व नखे हा अस्थिधातूचा मल होय, आणि हाडे व दात यांच्याप्रमाणे केसही अपत्यास पित्याकडून प्राप्त होतात, असा त्याचा निर्णय होता. जी वस्तू मल ठरली, तिला प्रयोजन विचारण्याची गरजही मग उरत नाही.

ग्रीक विचारवंतांना प्रयोजनाचा नाद अधिक. प्लेटोच्या ‘प्रोतागोरस’ या संवादात एक कथा येते: सर्व प्राण्यांना साधनसामग्री वाटून देण्याचे काम एपिमेथियसने आपल्याकडे घेतले, कोणास दाट केस, कोणास जाड कातडे, कोणास खूर अशी तो उदारपणे वाटणी करीत गेला, आणि मनुष्याची पाळी आली तेव्हा कोठार रिकामे झाले होते, म्हणून प्रोमेथियसला देवांकडचा अग्नी चोरावा लागला. नग्नता हे न्यून, आणि कलाकौशल्य ही त्या न्यूनाची भरपाई, हा विचार तेव्हापासून युरोपीय मनात रुजला आणि पुढे दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ निरनिराळे वेश घेऊन वावरत राहिला. ॲरिस्टॉटल कथेवर विसंबणारा नव्हता. चतुष्पादांच्या पाठीवर केस अधिक आणि पोटावर कमी, मनुष्याची गोष्ट मात्र उलटी, ही विसंगती त्याच्या सूक्ष्म दृष्टीने टिपली. ताठ उभ्या राहणाऱ्या प्राण्याच्या पुढच्या, अधिक श्रेष्ठ अंगाला निसर्गाने संरक्षण दिले, असे त्याने तिचे समाधान केले. भुवया डोक्यावरून ओघळणारे पाणी डोळ्यांत जाऊ देत नाहीत, हे त्याचे निरीक्षण तर आजही बिनतक्रार मान्य होईल. निसर्ग व्यर्थ काही करीत नाही, ही त्याची श्रद्धा होती, आणि श्रद्धा असली की उत्तर सापडतेच.

या प्रश्नाला खरे टोक आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यातली गंमत अशी, की ते आणणारे दोघेही एकाच सिद्धांताचे जनक होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षे आणि मलाया द्वीपसमूहात आठ वर्षे भटकून आलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८७० साली असा आक्षेप घेतला, की केसाळ प्राण्यांच्या शरीरावर सर्वांत दाट केस पाठीच्या कण्यालगत असतात आणि पावसाचे पाणी त्यांवरून निथळून जाते. मनुष्याची मात्र पाठच सर्वांत उघडी. आणि उष्ण प्रदेशातले रानटी समजले जाणारे लोकही रात्रीच्या गारठ्यापासून व पावसापासून जपावे म्हणून पाठीवर काहीतरी पांघरतातच. ज्या आवरणाची उणीव मनुष्याला अद्याप भासते, ते नैसर्गिक निवडीने काढून कसे घेतले असेल? निवड हितकारक ते राखते, अहितकारक राखीत नाही. तेव्हा येथे एखाद्या श्रेष्ठ बुद्धीचा हात असला पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. ज्याने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीने शोधला, त्यानेच मनुष्याच्या उघड्या पाठीपाशी येऊन त्या सिद्धांताचा राजीनामा द्यावा, हे पाहून डार्विन व्यथित झाला असल्यास नवल नाही. त्याचे उत्तर पुढल्याच वर्षी, १८७१ साली, मनुष्याच्या वंशोत्पत्तीवरील ग्रंथात आले. केस गेल्याने शरीराला प्रत्यक्ष लाभ झाला असे म्हणण्याची जरुरीच नाही, असे तो म्हणाला. कमी केसाळ जोडीदार अधिक मनपसंत ठरला आणि प्रथम स्त्रियांच्या व मग दोन्ही लिंगांच्या अंगावरचे आवरण शोभेसाठी विरत गेले. आणि पूर्वी ते होते याची साक्ष? सहाव्या महिन्याच्या सुमारास गर्भाचे सर्वांग मऊ लोकरीसारख्या लवेने झाकलेले असते, ही एक. आणि दुसरी आपल्या बाहूवर. दंडावरची लव खाली कोपराकडे वळते आणि मनगटापासूनची लव वर कोपराकडेच वळते. ओरांगउटानाच्या हातावरही केसांची ठेवण अशीच असते, आणि तो हात दुमडून डोक्यावर घेऊन पावसात बसला म्हणजे पाणी कोपरावरून गळून जाते, हे जंगलात प्रत्यक्ष पाहून सांगणारा साक्षीदार होता खुद्द वॉलेस! प्रतिवादीच्याच जबानीवर डार्विनने आपला दावा शाबीत केला, असा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात विरळा.

डार्विनच्या या मांडणीने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. इंग्रजी अमदानीत कित्येक वतनांची मूळ चाकरी नाहीशी झाली, पण सनद घराण्यात चालतच राहिली. अंगावरची लव ही त्याच्या दृष्टीने अशीच चाकरीवाचून उरलेली वतनदारी होती. १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर लिहिताना त्याने अंगावर काटा येण्याची मीमांसा याच रीतीने केली: केसाच्या मुळाशी बसलेला सूक्ष्म स्नायू भीतीने वा थंडीने आकसतो, मांजर फुगते ते त्यामुळे, आणि मनुष्य फुगत नाही तरी स्नायू आपला जुना हुकूम बजावतोच. तो आपल्या इच्छेच्या ताब्यात नाही, हे आपल्याकडील नाट्यशास्त्राला पुरते ठाऊक होते. रोमांचाची गणना भरताने सात्त्विक भावांत केली, ती बाहेरून नुसता आव आणून तो उमटत नाही म्हणूनच. आपले संतही ईश्वरप्रेमाची खूण म्हणून याच भावाकडे बोट दाखवितात. मांजराच्या भयाचा आणि भक्ताच्या गहिवराचा स्नायू एकच निघावा, याने मला तरी भक्तीची प्रतिष्ठा उणावल्यासारखी वाटत नाही.

विसाव्या शतकात मात्र ‘केस गेले’ हे गृहीतकच ढासळू लागले. अडोल्फ शुल्ट्झसारख्या संशोधकांनी माकडांच्या व वानरांच्या त्वचेवरील केसांची मोजदाद केली, तेव्हा मोठ्या देहाच्या वानरांचे केस मुळातच विरळ असतात, आणि केसांच्या संख्येत मनुष्य त्यांच्यापेक्षा फारसा निराळा नाही, असे दिसून आले. डेस्मंड मॉरिसने १९६७ साली मनुष्याला ‘नग्न वानर’ म्हटले आणि ते नाव जगभर गाजले, परंतु ते नाव जितके चटकदार तितकेच दिशाभूल करणारे होते. केसांची मुळे जागच्या जागी आहेत. आखूड, बारीक, फिकट झाले ते त्यांतून उगवणारे केस. नाहीशा झालेल्या वस्तूचे कारण शोधणे निराळे आणि लहान करून राखलेल्या वस्तूचे कारण शोधणे निराळे, एवढा साधा भेद ध्यानी यावयास शतकापेक्षा अधिक काळ लागला.

लहान का झाले, याविषयी आज बहुमत उष्णतेच्या बाजूने आहे. सर ॲलिस्टर हार्डी यांनी १९६० साली आपले पूर्वज पाण्यात वावरत होते अशी कल्पना मांडली होती. ती लोकप्रिय झाली, पण तिला भक्कम पुरावा लाभला नाही. पीटर व्हीलर यांनी १९८० नंतरच्या दशकात जो विचार पुढे आणला तो अधिक पायाशुद्ध होता: आफ्रिकेच्या उघड्या माळावर भर दुपारी दोन पायांवर उभ्या असलेल्या प्राण्याच्या अंगावर ऊन कमी पडते, जमिनीपासून उंच असल्याने वारा अधिक लागतो, आणि ज्याच्या त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी आहेत त्याला दाट केस नकोसेच होणार, कारण एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता वाहून नेतो, पण तो केसांच्या टोकांवर न वाळता कातडीवर वाळला पाहिजे. डोके तेवढे उन्हाच्या थेट माऱ्यात, म्हणून तेथले छप्पर कायम. २०२३ साली टीना लासीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तापविलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर निरनिराळे केसांचे टोप घालून पाहिले, तेव्हा घट्ट कुरळे केस उन्हाची उष्णता सर्वांत अधिक अडवितात, असे आढळले. ही उपपत्ती मला पटते, तरी ती संपूर्ण वाटत नाही. घोडा अंगावर केस बाळगूनही भरपूर घाम गाळतो आणि मैलोगणती धावतो, याचा जबाब तिने अद्याप समाधानकारक दिलेला नाही.

म्हणूनच टॉमस बेल्ट या निसर्गज्ञाची एक जुनी सूचना पुन्हा दफ्तरातून बाहेर काढली गेली. निकाराग्वातील अनुभवांवर १८७४ साली लिहिताना त्याने म्हटले होते, की केस गेल्याने गोचिडांपासून व तत्सम परजीवींपासून मनुष्याची सुटका झाली असेल. डार्विनने त्यावर, मग उष्ण कटिबंधातल्या इतर चतुष्पादांनी असा उपाय का केला नाही, असा रोकडा सवाल टाकून ती बाजूला सारली. २००३ साली मार्क पेजेल व वॉल्टर बॉडमर यांनी त्या सवालाला उत्तर दिले: इतर प्राण्यांना केस टाकणे परवडत नव्हते; ज्याच्याजवळ अग्नी, निवारा आणि पांघरूण आहे, त्यालाच ते परवडते. उवांच्या वंशावळीवरून या इतिहासाचे काही दाखले मिळतात. डोक्यातील ऊ चिंपांझीच्या उवेची नातलग, तर जांघेतील ऊ गोरिलाच्या उवेची, आणि ही दुसरी फारकत सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची मानतात. म्हणजे डोके आणि जांघ ही दोन वेगळी राने, मधला प्रदेश ओसाड, अशी स्थिती तेव्हाच आली असावी, असे अनुमान निघते. कपड्यांत राहणारी ऊ मात्र १,७०,००० वर्षांच्या आसपास वेगळी झाली असावी. या दोन तारखांमधल्या प्रदीर्घ काळात उघडे अंग आणि अंगावर वस्त्र नाही, अशा अवस्थेत आपले पूर्वज वावरले असतील, तर वॉलेसच्या उघड्या पाठीची फिर्याद अगदीच खोटी म्हणता येत नाही.

एवढे झाल्यावरही उरलेल्या लवेला आज काही काम आहे की नाही, हा प्रश्न राहतोच. आणि येथे ती वतनदारी रिकामी नाही, असे दिसू लागले आहे. प्रत्येक रोमकूपाभोवती ज्ञानतंतूंचे जाळे असते, आणि केस किंचित कलला तरी ते खबर देते. शेफील्ड येथे २०११ साली २९ स्वयंसेवकांच्या एका हातावरचे केस काढून आणि दुसऱ्यावरचे तसेच ठेवून त्यांवर भुकेले ढेकूण सोडण्यात आले. लव असलेल्या हातावर ढेकणाला चावण्याची जागा शोधावयास अधिक वेळ लागला आणि त्याची चाहूलही माणसास लवकर लागली. शल्यचिकित्सकांना दुसरी एक गोष्ट अनुभवाने माहीत आहे: जळलेल्या जागी लावण्यासाठी मांडीची वरची कातडी काढून घेतली, तरी ती जागा थोड्या दिवसांत भरून येते, कारण खोल रुतलेल्या रोमकूपांतील पेशी वर येऊन नवी त्वचा विणतात. केसाच्या मुळाशी मूलपेशींचा हा साठा असतो, हे जॉर्ज कोट्सारेलिस व सहकाऱ्यांनी १९९० साली दाखविले, आणि २०२० साली हार्वर्ड व तैवान येथील संशोधकांनी उंदरांवर दाखविले ते असे, की काटा आणणारा तोच क्षुद्र स्नायू ज्ञानतंतूला या मूलपेशींपाशी धरून ठेवतो, आणि थंडी टिकली तर तो तंतू त्यांना नवा केस उगविण्याचा हुकूम पोहोचवितो. डार्विनला ज्या स्नायूत केवळ जुन्या हुकमाचा अवशेष दिसला, तो एका कारखान्याचा पहारेकरी निघाला.

दाढीचे प्रकरण मात्र अजून निकाली निघालेले नाही. ती गालांचे थंडीपासून रक्षण करते व पुरुषाला भारदस्त शोभा देते, आणि बहुधा घरात राहणाऱ्या स्त्रीला त्या रक्षणाची गरज नसते, असे प्राचीन वैद्य गेलनने म्हटले होते. डार्विनने तिला निव्वळ अलंकार ठरविले. आणि २०२० साली यूटा विद्यापीठातील तिघा संशोधकांनी हाडासारख्या कृत्रिम पदार्थावर मेंढीची केसाळ कातडी चढवून, तिच्यावर वजन आपटून, दाढी हनुवटीवरचा ठोसा सौम्य करते असे सुचविले. या तीन मतांत मी डार्विनच्या पंक्तीस बसतो. ठोशापासून रक्षण हाच दाढीचा हेतू असता, तर ती जबड्यापुरती राहून नाक उघडे का ठेवते, आणि पूर्व आशियातील अनेक पुरुषांची दाढी जन्मभर विरळ राहूनही त्यांच्या पूर्वजांचे पिढ्यान् पिढ्या कसे भागले, याचा खुलासा त्या प्रयोगात मला आढळला नाही.