हात उगारण्याचा अधिकार

आमची नात यंदा अकरावीत आहे. शिकवणीहून परतावयास तिला रात्रीचे साडेआठ वाजतात. गतवर्षी तिने ‘विंग चुन’ ही चिनी युद्धकला शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हा घरात पहिला विरोध आमचाच होता. बडोद्याच्या मराठी घरांना व्यायामाचे वावडे कधीच नव्हते, प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराविषयी ऐकतच आम्ही वाढलो. परंतु शरीर कमावणे वेगळे आणि समोरच्याच्या गळ्यावर, डोळ्यांवर आघात कसा करावा हे रीतसर शिकणे वेगळे. जी विद्या इजा करण्यासाठीच आहे, ती सज्जनाने शिकावी काय?

ही विद्या दक्षिण चीनमधील फोशान परिसरात वाढली. तेथे १८९३ साली जन्मलेले यिप मान पुढे हाँगकाँगला गेले आणि १९५० पासून १९७२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती शिकविली. ब्रूस ली त्यांचाच शिष्य. दंतकथा अशी की, एका गुंडाने लग्नासाठी छळलेल्या यिम विंग चुन या मुलीला एका भिक्षुणीने ही कला दिली. इतिहासात त्यास पुरावा नाही. पण ही कथा दुर्बळाच्या बाजूने सांगितली जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हाताच्या अंतरावरून, शरीराच्या मध्यरेषेवर, जवळच्या मार्गाने आघात करावयाचा. बळाला बळाने न अडविता त्याची दिशा बदलावयाची. ‘ची साव’ या अभ्यासात दोघे मनगटास मनगट लावून उभे राहतात आणि समोरच्याचा जोर नजरेने नव्हे, स्पर्शाने ओळखतात.

आमचा आक्षेप साधा होता : सामर्थ्य हाती आले की ते वापरण्याची खुमखुमी येते. माकडाच्या हाती कोलीत, ही म्हण उगीच पडलेली नाही.

परंतु १९८८ सालची एक रात्र आम्हांस विसरता येत नाही. दौऱ्यावरून परतताना बसमध्ये दोन मद्यधुंद इसम पुढच्या आसनावरील एका स्त्रीस त्रास देत होते. आम्ही तिशीचे, शासकीय अधिकारी, खिडकीबाहेर पाहत बसलो. ती बाई मधल्याच एका थांब्यावर अंधारात उतरून गेली. त्या वेळी आमच्या मनात दोनच गोष्टी होत्या : गप्प बसणे, किंवा अंगावर धावून जाऊन मार खाणे. पुढे कित्येक वर्षे आम्ही त्या गप्प बसण्यास ‘संयम’ म्हणत आलो. ज्याला मारताच येत नाही, त्याच्या न मारण्यास संयम म्हणावे काय? भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवड करावयाची असेल तर हिंसा बरी, असे गांधीजींनीही १९२० साली लिहिले होते.

कायदाही हेच माप धरतो. भारतीय दंड संहितेचे कलम ९९ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ सांगते की, बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करावी, अधिक नव्हे. हे माप सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, हे न्यायालयेही मान्य करतात. तथापि भेदरलेल्या माणसाला माप मुळीच राहत नाही. तो एक तर गोठतो, नाही तर बेभान होतो. सरावलेल्या हाताला मात्र या दोहोंमधील पायऱ्या ठाऊक असतात : शब्द, मागे सरणे, मनगट सोडविणे, आणि अगदी शेवटी आघात.

खरे सांगावयाचे तर त्या रात्री ठोशाची गरजही पडली नसती. उठून उभे राहणे पुरेसे झाले असते. आमच्याकडे कमी होती ती कला नव्हे, धैर्य होते. धैर्य वर्गात मिळते असे आम्ही म्हणणार नाही, आणि चारित्र्य तर घरातच घडावे लागते. पण भीती थोडी ओसरली की धैर्याला जागा होते.

नातीला आम्ही विचारले, “पहिला धडा कोणता शिकविला गं?”

ती म्हणाली, “आजोबा, पळता येत असेल तर पळायचं.”

आमचा विरोध तेथेच संपला. आता आठवड्यातून दोनदा आम्हीच तिला वर्गाला सोडावयास जातो.