चूक अंगठ्याची

डिझाइन या शब्दाशी माझा आयुष्यात दोनदाच संबंध आला. पहिल्यांदा लग्नाच्या बस्त्याला. अकलूजच्या दुकानात होणाऱ्या सौ.नं सत्तावीस साड्या उलगडायला लावल्या आणि मग विचारलं, "यात दुसरं डिझाइन नाही का?" दुसऱ्यांदा, माझ्या भाच्यानं मेकॅनिकल इंजिनियर झाल्यावर 'मला डिझाइन शिकायचंय' असं जाहीर केलं तेव्हा. दोन्ही वेळेला माझा चेहरा अगदी सारखा झाला होता, असं सौ. अजून सांगते.

अक्कानं तर डोळ्याला पदर लावला. "चार वर्षं मशिनीत घातली ती काय पोरानं शेवटी नक्षी काढायला?" पण पोरानं त्या परीक्षेचा अभ्यास केला, पास झाला आणि पवईच्या आयआयटीत गेला. 'आयआयटी' हा शब्द ऐकल्यावर अक्काचे डोळे कोरडे झाले. तिथं पोरगा काय शिकतो हे तिनं पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडे देवळाचं नाव मोठं असलं की आत कुठला देव आहे याची चौकशी कुणी करत नाही.

गेल्या आषाढीत माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी आली, तेव्हा भाचा दोन-चार दिवस राहायला आला. पालखी पुढं भंडीशेगावला गेली तरी हा गेला नाही. रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मी त्याला एकदाचं विचारून घेतलं, "बाळ, तू नक्की काय शिकतोस? बँकेत लोक विचारतात, आणि मी 'कॉम्प्युटरचंच काहीतरी' असं सांगून वेळ मारून नेतो."

तो हसला. म्हणाला, "मामा, तांब्या कुणी केला?"

म्हटलं, "तांबटानं."

"तसं नाही. तांब्याला असा आकार असावा, हे कुणी ठरवलं?"

आता हा प्रश्न बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हता. मी गप्प बसलो. मग त्यानं सांगितलं, की १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स नावाचं एक अमेरिकन जोडपं सरकारच्या बोलावण्यावरून भारतभर हिंडलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी सगळ्यांत जास्त कौतुक कशाचं केलं असेल, तर आपल्या लोट्याचं. तो कडेवर कसा बसतो, डोक्यावर कसा राहतो, पाणी ओतताना तोल कुठं जातो, घासायला हात आत जातो की नाही, किंमत किती पडते, असे सगळे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वापरता वापरता सोडवले. एका माणसानं बसून काढलेला हा आकार नव्हे. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, आणि १९६९ साली पवईला भाच्याचं 'इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर'. ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे.जे.त शिकलेले, पुढं जर्मनीत उल्म इथल्या नामांकित डिझाइन शाळेतून तयार होऊन आलेले. नंतर त्यांनी गुवाहाटीच्या आयआयटीतही डिझाइनचा विभाग उभा केला.

मी मनात म्हटलं, चांगलं आहे. ज्या तांब्यानं मी लहानपणापासून आंघोळ करत आलो, त्याच्या कौतुकापायी एवढ्या मोठ्या संस्था निघाल्या आणि मला पत्ताच नाही.

"आणि तुमच्या खात्याच्या प्रमुखाला काम काय असतं?" मी विचारलं. हा प्रश्न मी ज्ञानलालसेनं विचारला नव्हता. शाखाप्रमुख नेमकं काय काम करतो हे मला वीस वर्षांच्या नोकरीत समजलेलं नाही. निदान दुसऱ्याच्या प्रमुखाचं तरी समजावं.

"सगळ्यांत अवघड काम," भाचा म्हणाला. "आमच्याकडे एक सर चित्रकलेतून आलेले, एक लेथ मशिनवरून, एक माणसाच्या हातापायांची मापं घेणारे. पोरानं साधी खुर्ची करून आणली तरी एक म्हणतात, दिसायला बरी नाही. दुसरे म्हणतात, टिकणार नाही. तिसरे म्हणतात, पाठ धरेल. कारखानदार विचारतो, पडते केवढ्याला? प्रमुखानं या सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, आणि कुणी उठून जाणार नाही हे बघायचं. शिवाय त्याची स्वतःची खुर्ची ठरावीक मुदतीची. मुदत संपली की पुन्हा त्याच लोकांच्या रांगेत."

"म्हणजे अर्धनारी नटेश्वर!" मी म्हटलं. आमच्या वेळापूरच्या यादवकालीन देवळातल्या देवाला हे जमून शेकडो वर्षं झाली. अर्धं अंग एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, आणि तरी मूर्ती एक.

भाच्याला ही उपमा आवडली. मग तो खुलला. म्हणाला, रुपयाचं जे चिन्ह तुम्ही रोज बघता, ते करणारे उदय कुमार आमच्याच सेंटरमध्ये पीएच.डी.ला होते, १५ जुलै २०१० ला सरकारनं ते स्वीकारलं. आणि कॉम्प्युटरवर मराठी पत्र ज्या 'मंगल' अक्षरात टाइप करता, ते घडवणारे र. कृ. जोशी आमच्याच इथले प्राध्यापक. हे ऐकून मला जरा भरून आलं. माझी निम्मी नोकरी या खात्याच्या जिवावर चालली होती आणि मी लोकांना 'कॉम्प्युटरचंच काहीतरी' म्हणून सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी पासबुक भरून घ्यायच्या निमित्तानं भाचा शाखेत आला आणि बाकावर बसून राहिला. नेमकी त्याच वेळी खिडकीशी एक आजी आली. पलीकडच्या वस्तीवरून वडापनं आलेली. पेन्शनचे पैसे काढायचे होते. मी अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं. आजीनं अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. मागं रांग वाढलेली, पंखा बंद, आणि माझा डबा उघडायची वेळ झालेली. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, "आजी, अंगठा नीट ठेवा की! कितींदा सांगायचं?"

आजीनं अंगठा लुगड्याला पुसला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला, आणि यंत्राकडे बघत म्हणाली, "माजंच चुकलं आसंल, सायेब. उसानं खाल्ल्या बगा समद्या रेगा."

मी म्हटलं, "उद्या या." ती गेली.

भाचा बाकावरून एक शब्द बोलला नाही. रात्री जेवताना मात्र त्यानं विचारलं, "मामा, तिनं माफी कशाबद्दल मागितली?"

सौ.नं वाढता वाढता माझ्याकडे बघितलं. मी भाकरीकडे बघितलं.

आमच्या वाणिज्य शाखेला कुणी तत्त्वज्ञानात धरत नाही, पण आमच्याकडे एक फार मोठं तत्त्व आहे: नावे टाकलेली रक्कम कुठंतरी जमा असलीच पाहिजे. चूक हीसुद्धा एक रक्कम आहे. ती हवेत राहत नाही. कुणाच्या तरी नावे टाकावी लागते. यंत्र करणाऱ्याच्या नावे टाकावी, तर तो कुठल्या शहरात आहे हे माहीत नाही. बँकेच्या नावे टाकावी, तर बँक परिपत्रक दाखवते. माझ्या नावे टाकायला माझी तयारी नसते. उरतो कोण? जो तक्रार करणार नाही तो. त्याच्या खात्यावर चूक टाकली की दोन्ही बाजू जुळतात, आणि संध्याकाळी सगळे वेळेवर घरी जातात. जन्मभर ऊस तोडून त्या बाईच्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या. तो अंगठा कष्टाचा दाखला म्हणून मखरात ठेवायचा, तर आम्ही त्याला नापास केला.

मी माझी बाजू मांडली. मीही बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस आहे. सहजासहजी चूक अंगाला लावून घेत नाही. म्हटलं, "बाळ, यंत्र कडकच पाहिजे. त्यानं कुठलाही अंगठा चालवून घेतला, तर या आजीचे पैसे दुसराच कुणी काढून नेईल. मग रडायचं कुणी?"

भाच्यानं हे मान्य केलं, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "नाही म्हणणं हे यंत्राचं कामच आहे. पण नाही म्हटल्यावर माणसानं जायचं कुठं, ते करणाऱ्यानं आधी ठरवायला नको? आणि दरवाजा उघडला नाही तर लोक स्वतःला वेडं समजतात, पण वेडा असतो तो दरवाजा. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९८८ साली यावर आख्खं पुस्तक लिहिलं."

"मग तुमचे प्रमुख हे शिकवतात का?"

तो थोडा वेळ थांबला. "मामा, तेच तर अवघड आहे. कारखाना पैसे देतो, प्रकल्प देतो, म्हणून कारखानदाराला बैठकीत खुर्ची मिळते. आजी काही देत नाही, म्हणून तिला खुर्ची नाही. तिची खुर्ची कुणी मांडायची? मांडली तर प्रमुखानंच मांडायची, नाही तर कुणीच नाही. आणि ती मांडली की खर्च वाढतो, मुदत टळते, आणि पैसे देणारा विचारतो, ही बाई कोण?"

मी फार वेळ जागा होतो. आपल्याला वाटतं, प्रमुख म्हणजे जो सही करतो तो. पण प्रमुखाची खरी परीक्षा जो खोलीत नाही त्याच्या बाजूनं बोलण्यात असावी. भारतीय माणसांच्या अंगाची मापं पुस्तकात नीट छापली गेली ती १९९७ साली, अहमदाबादच्या त्या संस्थेकडून. कुणीतरी कधीतरी म्हणालं असणार, की अहो, आपली माणसं आधी मोजा तरी! ते म्हणणं हेच प्रमुखपण. आणि मग मला एक फार अडचणीचा विचार सुचला. त्या खिडकीपुरता प्रमुख कोण होता? यंत्र करणारा मुंबईत असेल की बंगळूरला. पण यंत्र आणि आजी यांच्या मध्ये वेळापुरात मीच बसलो होतो. अंगठ्याचं यंत्र चाललं नाही तर पैसे काढण्याची पावती भरून, शाईचा अंगठा घेऊन, ओळखीच्या दोघांच्या साक्षीनं पैसे देता येतात, हे मला ठाऊक होतं. फक्त त्याला दहा मिनिटं जास्त लागतात. आणि मी डबा उघडायला निघालो होतो.

सकाळी आजी आली. मी कपाटाच्या मागून शाईचा पॅड काढला. तो वाळला होता. त्यात दोन थेंब शाई घातली. शिपायाला आणि रांगेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना साक्षीला उभं केलं. रांगेतून आवाज आला, "आज काय मुहूर्त हाय का काय?" मी लक्ष दिलं नाही. आजीचा अंगठा हातात धरून पावतीवर टेकवला. उमटला तो नुसता निळा ठिपका. रेघ म्हणून त्यात शोधूनही सापडली नसती. पण दोन माणसं म्हणाली, ही तीच, आणि ते पुरलं.

मग मी म्हटलं, "आजी, काल माझं चुकलं." वीस वर्षांत खिडकीच्या आतून हे वाक्य पहिल्यांदाच बाहेर गेलं असावं, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून बघितलं.

आजीला बहुतेक ते ऐकू गेलं नाही. तिनं अंगठा खिडकीच्या लाकडाला पुसला, शाईच्या पॅडकडे कौतुकानं बघितलं आणि म्हणाली, "ह्यो मिशिन बरा हाय की. कालचा बिघडला हुता व्हय?"

म्हटलं, "हो. कालचा बिघडला होता."

"मंग त्यो दुरुस्त करून घ्या," असं म्हणून तिनं नोटा दोनदा मोजल्या. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि आदल्या दिवसाचा हिशेब बघता ते बरोबरच होतं.