दारात रडणारा चुल्लपंथक



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, लाखोंना दिली, आणि आपल्या घरांतून देव्हारे निघाले. कोणी त्याच दिवशी बौद्ध झाले, कोणी वीस वर्षांनी, तर कोणी अगदी गेल्या अशोक विजयादशमीला. खंडोबा गेला, मरीआई गेली, गंडेदोरे गेले. हे सोपे नव्हते. परंतु घरातले लेकरू रात्री दचकून उठू लागले, जेवेनासे झाले, शाळेचे नाव काढताच रडू लागले, की आजी हळूच म्हणते, "पोराला कोणाची तरी नजर लागली." आत्या कुठल्याशा गावचा पत्ता सांगते. आणि ज्या घराच्या भिंतीवर तथागतांची तसबीर आहे, त्याच घरातून ते लेकरू देवऋष्याकडे नेले जाते. ताप आला तर आपण दवाखाना गाठतो. मग मन दुखले तर भगत का गाठावा?

कारण उघड आहे. ताप हाताला लागतो, मनाचे दुखणे हाताला लागत नाही. जे दिसत नाही ते बाहेरून कोणीतरी पाठविले असावे, असे वाटते. भगवंतांनी नेमकी हीच समजूत मोडून काढली. दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि ते कारण माणसाला शोधता येते. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाच्या शिकवणुकीची वैशिष्ट्ये सांगताना मनाला पहिले स्थान दिले आहे, ते उगीच नव्हे. तेव्हा ज्याने धम्म स्वीकारला त्याने मुलाच्या मनाच्या दुखण्याचेही कारण शोधावयास हवे. आणि मूल दिवसाचे पाच-सहा तास जेथे असते त्या शाळेत ते शोधावयास हवे. आज मला एवढेच सांगावयाचे आहे.

सातवीतला एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. सोमवार ते शनिवार सकाळी त्याचे पोट दुखते, रविवारी दुखत नाही. आई ओवा देते, बाप म्हणतो ढोंग करतो. आता एक मुलगी पाहा. तिचे अक्षर वर्गात सर्वांत सुंदर. दिवाळीनंतर तिच्या वहीची पाने कोरी राहू लागतात, ती मैत्रिणींशी बोलत नाही, अंगणात येत नाही. आपण म्हणतो, वयात आली, लाजते. तिसरा मुलगा शांत नाही, उलट उर्मट झाला आहे. भावंडांना मारतो, दप्तर फेकतो. आपण म्हणतो, माजला. पुष्कळदा मुलगे रडत नाहीत, चिडतात. त्यांचे दुःख रागाच्या कपड्यात येते. लहान मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. ही सगळी एक-दोन दिवसांची गोष्ट असेल तर सोडून द्यावी. दोन आठवडे झाले, खाणे, झोप, अभ्यास आणि खेळ यांत फरक पडला, तर ते लेकरू काहीतरी सांगत आहे असे समजावे. हे आपल्याच घरी घडते असे समजून लाजू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या शंभर मुलांमागे सुमारे सात जणांना मानसिक त्रास असल्याचे आढळले होते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार.

आता एक जुनी गोष्ट ऐका. राजगृहात जीवकाच्या आम्रवनात संघ राहत होता. तेथे महापंथक आणि चुल्लपंथक हे दोन सख्खे भाऊ भिक्खू होते. थोरला विद्वान. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना; पुढचे पद शिकावे तर मागचे विसरे. थोरला भाऊच त्याचा शिक्षक होता. तो म्हणाला, तुझ्याने काही होणार नाही, चालता हो. जीवकाने संघाला भोजनाचे निमंत्रण दिले तेव्हा भिक्खूंच्या मोजणीतूनही त्याने धाकट्याला वगळले. ही वगळण्याची गोष्ट फार बारकाईने पाहावी अशी आहे. पाठ न येणे हे दुःख लहान होते. आपण मोजणीतच नाही, हे दुःख मोठे होते. चुल्लपंथक पहाटे घरी परत जावयास निघाला.

दारात भगवंत उभे होते. त्यांनी प्रथम काय केले? उपदेश केला नाही. या वेळी कोठे निघालास, असे विचारले. त्याचे ऐकून घेतले, त्याला जवळ घेऊन आत नेले. मग एक स्वच्छ पांढरे वस्त्र त्याच्या हाती दिले आणि सांगितले, हे चोळत राहा आणि धूळ निघो एवढेच म्हणत राहा. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि मळ म्हणजे काय, मन कसे मळते, हे त्याला हाताने कळले. जे गाथेने कळले नव्हते ते कळले. अट्ठकथाकारांनी या गोष्टीला पूर्वजन्माची शेपटी जोडली आहे. ती आपण बाजूला ठेवू. आपल्याला उपयोगी पडणारा भाग या एकाच जन्मात घडला.

महापंथक दुष्ट नव्हता. त्याला फक्त गाथा मोजता येत होत्या. आपल्या शाळांतूनही असे महापंथक पुष्कळ आहेत. आणि प्रामाणिकपणे बोलावयाचे तर आपल्या घरांतून अधिक आहेत.

त्या राजगृहाचे आजचे नाव राजगीर, आणि ते बिहारमधील नालंदा जिल्ह्यात आहे. योगायोग असा की, शाळेतून मुलांचे मन कसे सांभाळावे याचा आपल्या देशातील एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत झाला. गोव्यातील 'संगत' या संस्थेने तो केला. त्याचे नाव 'सेहेर', आणि निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात काय केले? काही शाळांत एक साधा सुशिक्षित माणूस नेमला. डॉक्टर नव्हे, मोठा मानसतज्ज्ञ नव्हे. प्रशिक्षण दिलेला एक समुपदेशक. त्याने प्रार्थनेच्या वेळी मुलांशी दर महिन्याला एका विषयावर बोलावयाचे. भिंतीवर मुलांचे भित्तिपत्रक लावावयाचे. एक पेटी ठेवावयाची, तीत मुलांनी मनातले लिहून टाकावयाचे. मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि मुले यांची समिती करावयाची. मारल्यावाचून शिस्त कशी लावावी हे शिक्षकांना सांगावयाचे. आणि ज्या मुलाला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बसून, तुझी अडचण काय आणि त्यातून वाट कोणती, हे बोलावयाचे. दुसऱ्या काही शाळांत हेच सगळे काम तिथल्याच एका शिक्षकाकडे दिले.

पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांमधील उदासी, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाही. शिक्षक वाईट म्हणून असे झाले, असा अर्थ कोणी काढू नये. मला त्याचे कारण असे दिसते की, जो गुण देतो, जो छडी बाळगतो, ज्याच्यावर आधीच दहा कामे आहेत, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही. महापंथकापाशी चुल्लपंथक रडला नाही, हेही येथे आठवावे.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळते. केवळ मुलाला धीर देऊन भागत नाही. शाळा बदलावी लागते. आपल्याला हे कोणी शिकविण्याची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वर्गात वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट संध्याकाळी परत घरी न्यावे लागे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावीत नसे. नळ शिपायाने उघडला तरच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. आता विचार करा, त्या मुलाला कोणी म्हणाले असते, बाळ, मन घट्ट कर, तर तो उपाय झाला असता काय? दोष मुलाच्या मनात नव्हता, गोणपाटात होता.

गोणपाट आज गेले. परंतु शिष्यवृत्तीच्या यादीतील नावे भर वर्गात मोठ्याने वाचून मुलांना उभे करणे गेले आहे काय? "तुम्हाला काय, सवलत आहे," हे वाक्य गेले आहे काय? आडनाव विचारून बाकावरची जागा ठरविणारे मूल आपल्या मुलाच्या वर्गात नाही काय? अशा वेळी सकाळी दुखणारे पोट खरे दुखत असते. भीतीने आतडी आवळतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. म्हणून मुलाला पहिला प्रश्न "का जात नाहीस?" असा न विचारता "तिथे काय होते?" असा विचारावा. दोन्ही प्रश्नांत फार फरक आहे.

मग काय करावे? भांडावयास जाऊ नये, आणि हात जोडूनही जाऊ नये. हक्काने जावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई केली आहे. त्याच कायद्याने सांगितलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. त्या जागा रिकाम्या राहू देणे हा आपलाच आळस आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, संस्था लहान असेल तर तिने बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व इतर दुर्बल मुलांशी संवेदनशीलतेने वागण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे निर्देश दिले. तेव्हा पालकसभेत आईने उभे राहून एवढेच विचारावे: "सर, आपल्या शाळेत मुलांनी मनातले बोलावयाचे ते कोणाशी?" उत्तर मिळाले नाही तर पुढच्या सभेत पुन्हा विचारावे.

शाळेला प्रश्न विचारणाऱ्याने घराकडेही पाहावे लागते. आपण प्रतिज्ञा घेतली तेव्हा दारू पिणार नाही असे म्हटले. ज्या घरी ती प्रतिज्ञा मोडते, तेथील मूल वर्गात बसून संध्याकाळची वाट धास्तीने पाहत असते. त्याच्या कानावर गणित पडत नाही. दुसरी गोष्ट बोलली तर काहींना रुचणार नाही. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण मुलांना सांगतो. सांगावे. परंतु गणितात नापास झालेल्या मुलापुढे तीच तसबीर छडीसारखी धरू नये. ज्या घरात तीन पिढ्यांत पहिलेच मूल दहावीला बसते, त्या मुलाच्या खांद्यावर साऱ्या घराची आशा बसलेली असते. त्या ओझ्याखाली ते वाकले तर त्याला नालायक म्हणणे म्हणजे पुन्हा मोजणीतून वगळणे होय.

आता सर्वांत अवघड भाग. "मी नसतो तर बरे झाले असते," असे मूल कधी म्हणते, वहीत लिहिते, किंवा आपल्या आवडीच्या वस्तू वाटू लागते. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाने केली आहे. असे बोलणे कानी आले तर ते नाटक समजू नये. सरळ विचारावे, "बाळा, मरून जावे असे वाटते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही समजूत खोटी आहे, विचारल्याने मूल बोलते. त्याला एकटे ठेवू नये. घरातील कीटकनाशक, उंदराचे औषध, गोळ्या कुलपात टाकाव्यात. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे, रात्रंदिवस चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. मुलांवरील अत्याचारासाठी १०९८ आहे. जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसोपचार विभाग कोठे आहे ते विचारावे. पोलिसांच्या भीतीने कोणी गोष्ट लपवितात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा करू नये, असे ठरविले आहे.

आणि ज्या भगताकडे आजी नेऊ पाहते त्याच्याविषयी: भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आजीवर रागावू नये. तिच्या पिढीला दवाखान्याच्या दारात कोणी उभे केले नव्हते. तिलाच मुलाबरोबर रुग्णालयात न्यावे. डॉक्टर काय विचारतात ते तिने ऐकावे.

आपल्यातच असेही काही आहेत जे म्हणतात, मुलाला विहारात आणा, आनापानाला बसवा, सर्व ठीक होईल. ध्यान चांगलेच आहे. परंतु खोल उदासीत बुडालेल्या मुलाला ते औषधाऐवजी देऊ नये. आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः अंघोळ घातली, उचलून मंचकावर निजविले. आधी शुश्रूषा, मग धम्मकथा. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती सांगितली तितके दिवस द्यावी, मध्येच थांबवू नये, आणि लग्न जमणार नाही या भीतीने मुलीचे दुखणे दडवू नये.

विहाराने करावयाचे काम वेगळे आहे. पुष्कळ आयांना शाळेत एकटीने जावयाचा संकोच वाटतो. चिठ्ठी आली तर वाचता येत नाही, मास्तर काय म्हणाले ते नीट कळत नाही. ज्या विहारात कॉलेजात शिकणारी दोन मुले-मुली आहेत, तेथे रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास ठेवावा. शाळेची चिठ्ठी ज्याला आली असेल त्याने ती घेऊन यावे. वाचून दाखवावी, आणि सोमवारी साडेदहाला त्या आईबरोबर कोणी एकाने शाळेच्या फाटकापर्यंत नव्हे, मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जावे.