गुणवत्तेस वेस असावी काय?

इंग्लंडांत 1944 च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची परीक्षा घेऊन निवडक मुलांस 'ग्रामर स्कूल' नांवाच्या शाळांत धाडण्याची पद्धत रूढ झाली. 1965 नंतर ती बहुतेक ठिकाणीं मोडली. तरी केंट, बकिंगहॅमशर इत्यादि परगण्यांत ती टिकून आहे, व सरकारी खर्चानें चालणाऱ्या अशा 163 शाळा अद्याप आहेत. उत्तीर्ण होणारीं मुलें पुष्कळ, जागा थोड्या. म्हणून कित्येक शाळा भोंवतालची हद्द आंखून आंतील मुलांस आधीं घेतात, कित्येक घराचें अंतर मोजतात.

येथेंच नीतीचा प्रश्न उद्भवतो. परीक्षा म्हणते, 'बुद्धि दाखीव'. हद्द म्हणते, 'घर दाखीव.' आणि घर बुद्धीनें मिळत नाहीं, पैशानें मिळतें. हद्दींतील घरांस मागणी वाढते, भाडें वाढतें. ज्यास तें परवडत नाहीं त्याचें मूल उत्तीर्ण होऊनहि दाराबाहेर राहतें. शाळा फी घेत नाहीं. ती घरमालक घेतो.

मग हद्दच पुसून टाकावी काय? आमच्या मतें तेंहि न्याय्य नव्हे. केवळ गुणानुक्रम ठेवला तर खासगी शिकवणीनें तयार केलेलीं मुलें दूरदूरून आगगाडीनें येतात, आणि शाळेच्या भिंतीलगत राहणाऱ्या गरिबाचें मूल त्यांस नुसतें पाहत राहतें.

आपल्याकडील नवोदय विद्यालयांचें उदाहरण येथें विचारांत घेण्याजोगें आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतून वाढलेल्या या विद्यालयांत सहावीच्या प्रवेशासाठीं परीक्षा आहे आणि हद्दहि आहे: विद्यार्थी त्याच जिल्ह्यांतील असावा लागतो. परंतु निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठीं असून राहण्याजेवण्याची सोय विद्यालयांतच असते. तेथें शाळेशेजारीं घर असल्यानें कांहीं साधत नाहीं. मागें पडलेल्या खेड्यास वांटा मिळावा म्हणून ती रेषा ओढलेली आहे. तात्पर्य, रेषा स्वतः न्यायी किंवा अन्यायी नसते; ती कोणासाठीं ओढली, हें पाहावें लागतें.

आम्हां पांढरपेशांस हें बोलणें जड जातें. कारण चांगल्या शाळेजवळ घर शोधणारे आम्हीच. आपल्या मुलाचें हित पाहणें हें पाप नव्हे. परंतु त्या घराच्या किंमतींत दुसऱ्या कोणाच्या मुलाची जागाहि आम्ही विकत घेतली असेल, हें मनाशीं कबूल करावें, आणि मुलाच्या यशास निव्वळ त्याच्या बुद्धीचें फळ म्हणूं नये.