टाकीचे घाव आणि देवपण

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, या म्हणीत एक नैतिक सिद्धान्त दडलेला आहे. दुःख माणसाला घडवते, असा तो सिद्धान्त. थोर व्यक्तीच्या चरित्रात बालपणीच्या दारिद्र्याचे प्रकरण आले की वाचक हळहळतो आणि त्याच वेळी निश्चिंतही असतो, कारण पुढे काय घडले ते त्याला ठाऊक असते. शेवट वैभवाचा आहे हे आधीच माहीत असल्यामुळे आरंभीची उपासमार त्याला एखाद्या साधनेसारखी भासू लागते. ही दृष्टी कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना याच्या आयुष्याच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उभा राहतो.

मॅराडोनाचा जन्म 30 ऑक्टोबर 1960 चा. ब्युनोस आयरेस शहराच्या दक्षिण सीमेवरील व्हिला फिओरितो या झोपडवस्तीत तो वाढला. आईवडील कोरिएन्तेस प्रांतातून पोट भरण्यासाठी राजधानीकडे आलेले. वडील हाडांची भुकटी करणाऱ्या कारखान्यात मजुरी करीत. चार मुलींच्या पाठीवर झालेला हा पहिला मुलगा. त्याच्यानंतर आणखी तीन भावंडे झाली. घरात नळ नव्हता, पाणी डब्यांतून वाहून आणावे लागे. जेवणाच्या वेळी आई पोट दुखत असल्याचे सांगून ताटावर बसत नसे. अन्न मुलांना पुरावे म्हणून ती हे सोंग करीत होती, हे आपल्याला फार उशिरा उमगले, असे मॅराडोनाने पुढे सांगितले. अगदी लहान असताना तो अंधारात मैलाखड्ड्यात पडला आणि मामाने त्याला बाहेर ओढून काढले, ही आठवणही त्याने स्वतःच नोंदवली आहे. तिसऱ्या वाढदिवसाला एका आतेमामेभावाने दिलेला चेंडू कुशीत घेऊन तो झोपत असे. पुढे फ्रान्सिस्को कोर्नेहो या प्रशिक्षकाने त्याला अर्जेंटिनोस ज्युनिअर्स या संघाच्या बालचमूत घेतले. 20 ऑक्टोबर 1976 रोजी, सोळावे वर्ष पुरे होण्यास दहा दिवस असताना, तो पहिल्या श्रेणीच्या सामन्यात उतरला. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी राष्ट्रीय संघाकडूनही खेळला.

या हकिकतीवरून दारिद्र्यातून प्रतिभा जन्मली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु त्याच छपराखाली आठ मुले होती. धाकटे दोघे भाऊ, राउल आणि ह्युगो, हेही व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. तथापि थोरल्याच्या उंचीच्या जवळपासही ते पोहोचले नाहीत. बहिणी पाच होत्या. घरातली ओढाताण त्यांच्याही वाट्याला आली, वयाने थोरल्या असलेल्या चौघींच्या वाट्याला तर अधिक वर्षे आली. मात्र त्या काळी अशा वस्तीतील चेंडू आणि मोकळे मैदान हा मुलग्यांचा अधिकार होता. दुःख सर्वांना मिळाले आणि चेंडू एकाच्या कुशीत आला. मग घडवले कोणी? उपासमारीने, की तिच्यापासून त्याला वाचवणाऱ्यांनी? आपला घास बाजूला ठेवणारी आई, कामावरून थकून आल्यावरही मुलाला बसने सरावाला नेणारा बाप, खड्ड्यात हात घालणारा मामा, मैदानावर त्याला ओळखणारा प्रशिक्षक, ही सारी माणसे दारिद्र्याच्या विरुद्ध बाजूला उभी होती. त्यांच्या कर्तृत्वाचे श्रेय दारिद्र्याला देणे ही केवळ विचारातील चूक नव्हे. तो त्या माणसांवरील अन्याय आहे.

टाकीच्या रूपकातील दोष येथेच आहे. टाकीमागे शिल्पकाराचा हात असतो आणि त्या हातामागे मूर्तीची कल्पना असते. दारिद्र्याच्या घावामागे असा कोणताही हेतू नसतो. ते अंदाधुंद पडतात. शिवाय दगडाला वेदना नसते, मुलाला असते. देवळात मूर्तीचे दर्शन घेणाऱ्याला खाणीतील फुटक्या दगडांची आठवण ठेवण्याचे कारण पडत नाही. पण व्हिला फिओरितोतून मॅराडोनाबरोबर वाढलेली आणि कोठेच न पोहोचलेली मुले दगड नव्हती. जो वर आला त्याच्याच तोंडून दारिद्र्याची साक्ष काढायची आणि जे आले नाहीत त्यांना साक्षीलाच बोलवायचे नाही, अशा न्यायसभेत दारिद्र्य निर्दोष सुटले तर त्यात नवल कसले?

या साक्षीची मागणी समाजाने किती आधीपासून केलेली असते, हे अर्जेंटिनाच्याच उदाहरणावरून दिसते. 1928 साली, म्हणजे मॅराडोनाच्या जन्माच्या बत्तीस वर्षे आधी, ‘एल ग्राफिको’ या क्रीडासाप्ताहिकात बोरोकोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या पत्रकाराने एक पुतळा उभारण्याची कल्पना मांडली. तो पुतळा कोणा विजेत्याचा नव्हता. चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्याला चकवण्याची कला ज्याने शोधली, त्या गल्लीतल्या अनाम पोराचा तो असावा, अशी त्याची सूचना होती. मळलेला चेहरा, विंचरायला न येणारे केस, शिळ्या पावाने झिजलेले दात, ठिगळांचे कपडे आणि पायाशी चिंध्यांचा चेंडू, असे त्याचे वर्णन होते. तेथील भाषेत अशा पोराला ‘पीबे’ म्हणतात. राष्ट्राच्या आदर्श प्रतिमेत शिळा पाव आणि ठिगळे ही अलंकारासारखी जडवली गेली होती. मॅराडोना अवतरला तेव्हा मखर तयारच होते. मानववंशशास्त्रज्ञ एदुआर्दो आर्केत्ती यांनी या प्रतिमेचा अभ्यास करताना दाखवून दिले आहे, की पीबेचे लाड होतात आणि त्याला माफी मिळते, कारण तो मूल असतो; त्याने प्रौढ व्हावे अशी अपेक्षाच कोणी करीत नाही. ज्याला बालपण धड मिळाले नाही त्याच्यावर आजन्म बालक राहण्याची सक्ती व्हावी, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने दोन गोल केले. पहिला हाताने केलेला होता आणि पंचांच्या नजरेतून निसटला. चारच मिनिटांनी झालेल्या दुसऱ्या गोलात त्याने मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागातून चेंडू नेत एकामागून एक प्रतिस्पर्धी मागे टाकले. फुटबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ गोलांत त्याची गणना होते. या दोन्हींचे मूळ फिओरितोच्या मोकळ्या मैदानात आहे, असे नेहमी सांगितले जाते: तिथली लबाडी पहिल्यात उतरली आणि तिथले कसब दुसऱ्यात. स्पष्टीकरण म्हणून हे पटण्यासारखे आहे. परंतु निवाडा करताना लोक त्याचे दोन तुकडे करतात. चाहता कसबाचे श्रेय मॅराडोनाला देतो आणि लबाडीचे खापर वस्तीवर फोडतो. निंदक लबाडी त्याच्या स्वभावात पाहतो आणि कसब मात्र निसर्गाची देणगी ठरवतो. बालपण हे कारण मानायचे तर ते दोन्ही खात्यांवर मांडले पाहिजे. आणि माणूस कर्ता मानायचा तर दोन्ही गोल त्याचेच आहेत.

पुढील आयुष्याने हा प्रश्न खेळाच्या सीमेबाहेर नेला. मार्च 1991 मध्ये नेपल्स येथे कोकेन सेवनाच्या चाचणीत तो दोषी आढळला आणि पंधरा महिने खेळापासून दूर ठेवला गेला. 1994 च्या विश्वचषकातून उत्तेजकामुळे त्याला बाहेर पडावे लागले. 1986 साली नेपल्स येथे जन्मलेल्या मुलाचे पितृत्व न्यायालयाने मान्य केल्यानंतरही त्याला मनापासून आपला म्हणायला मॅराडोनाला 2016 साल उजाडावे लागले. व्यसनाच्या बाबतीत करुणा सहज उत्पन्न होते. पण नाकारलेल्या मुलाला बापाच्या खडतर बालपणाची कथा सांगून काय समाधान मिळणार? स्वतः उपाशी राहून मुलांना जेवू घालणारी आईसुद्धा त्याच बालपणाचा भाग होती. बालपणाने केवळ जखमाच दिल्या असे नाही, आदर्शही दिला होता.

ब्रिटिश तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी 1962 च्या एका व्याख्यानात माणसाकडे पाहण्याच्या दोन रीती वेगळ्या केल्या. एका रीतीत राग, कृतज्ञता आणि क्षमा यांना स्थान असते, कारण समोरचा माणूस बरोबरीचा गणला जातो. दुसऱ्या रीतीत त्याच्याकडे उपचाराचा किंवा व्यवस्थापनाचा विषय म्हणून अलिप्तपणे पाहिले जाते. दोन्हींची वेळोवेळी गरज असते. मात्र जो समाज एखाद्याचे प्रत्येक कृत्य त्याच्या बालपणाच्या हवाली करतो, तो दयेच्या नावाखाली त्याला बरोबरीच्या पंक्तीतून उठवतो. दोष देण्यास अपात्र ठरलेला माणूस कौतुकासही तितकाच अपात्र ठरतो. खडतर बालपण शिक्षेची तीव्रता कमी करू शकते, निवाड्याला सावध करू शकते; उत्तरदायित्व मात्र ते पुसू शकत नाही. आणि प्रतिभेचा विजय कितीही दिपवणारा असला तरी त्यामुळे मैलाखड्डा तीर्थ ठरत नाही.

मॅराडोनाचा मृत्यू 25 नोव्हेंबर 2020 रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी झाला. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाच्या शासनाने व्हिला फिओरितोतील ते घर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित केले. बोरोकोतोच्या पुतळ्याला अशा रीतीने पत्ता मिळाला. ते घर जपणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो तेथे कशापुढे नतमस्तक व्हायचे याचा. घावांची पूजा मांडली तर भोवतीच्या वस्तीतील आजची वंचना ही उद्याच्या देवाची पूर्वतयारी म्हणून खपून जाईल. आईने न घेतलेल्या घासाची आठवण ठेवली, तर तो घास तिला घ्यावासा वाटूनही का घेता आला नाही, हा प्रश्न शिल्लक राहील. आणि त्याचे उत्तर कोणत्याही गोलाने दिलेले नाही.