निवड कुणाच्या डोळ्यांनी?

भरतकामाचं किट घ्यायचं, त्यात मनाची झडती घेण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. चित्र आवडलं की पैसे मोजावेत आणि घरी यावं. मला मात्र नीडलपॉइंटचं किट निवडताना स्वतःशी वाद घालावा लागतो. मला कितपत जमतं आणि मला खरोखर काय आवडतं, हे त्या वादातले दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर हिशेबाने मिळतं. दुसऱ्याचं उत्तर देताना माणूस सहज खोटं बोलतो, आणि ते खोटं पकडणारं त्याच्याखेरीज दुसरं कुणी नसतं.

आधी हिशेब. नीडलपॉइंट कडक, जाळीदार कॅनव्हासवर करतात. मॅटीवर फुलीचा टाका घालताना आपण नक्षीभोवतीचं कापड मोकळं सोडतो. इथे ती सवलत नाही, सगळा कॅनव्हास टाक्यांनी झाकावा लागतो. कॅनव्हासचा नंबर म्हणजे एका इंचात बसणारे टाके. 10 इंच लांबी-रुंदीच्या उशीला 10 नंबरच्या कॅनव्हासवर 10,000 टाके लागतात, 14 नंबरवर 19,600 आणि 18 नंबरवर 32,400. मिनिटाला 10 टाके धरले, तर पहिलं काम सुमारे 17 तासांचं आणि शेवटचं 54 तासांचं. उशी तेवढीच, पण काम तिपटीहून जास्त.

हे आकडे समोर असूनही माझा हात 18 नंबरकडेच जातो. साठी उलटल्यावर दिव्याच्या उजेडात ती जाळी मला नीट दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बारीक काम ते उंची काम, हे शिवणाच्या तासाला मनावर जे ठसलं ते अजून पुसलेलं नाही. तेव्हा मला स्वतःलाच विचारावं लागतं: तुला भरायला बसायचं आहे, की अवघड किट घेणारी बाई म्हणून दुकानातून बाहेर पडायचं आहे? या प्रश्नावर मी जरा घुटमळते, आणि त्यातच उत्तर मिळतं.

दुसरी पारख पार्श्वभूमीची. पाकिटावरचं गुलाबाचं फूल डोळ्यांत भरतं, पण फुलाने चौकटीचा एक तृतीयांश भाग व्यापला असेल, तर 14 नंबरच्या त्या उशीत 13,000 टाके नुसत्या बदामी रंगाचे असतात. फूल भरताना रंग बदलत जातात, त्यामुळे हात आपोआप चालतो. उरलेल्या बदामी मैदानात मात्र माझ्या आणि माझ्या कंटाळ्याच्या मध्ये काहीच नसतं. म्हणून मी आता पाकीट हातात घेतलं की आधी फुलावर बोट ठेवून ते झाकते आणि उरलेलं बघते. तेवढं भरण्याची तयारी असेल, तरच ते फूल माझं.

टाक्याचाही विचार आधीच करावा लागतो. नीडलपॉइंटमधला टेंट स्टिच समोरून एकच दिसतो, तिरका. तो घालण्याच्या पद्धती मात्र तीन. अर्ध्या फुलीच्या पद्धतीला लोकर कमी लागते, पण मागची बाजू विरळ राहते. कॉन्टिनेन्टल पद्धतीत मागेही लोकर भरते आणि काम टिकाऊ होतं, पण कॅनव्हास तिरका ओढला जातो. तिसऱ्या पद्धतीत टाके तिरप्या ओळींनी घालतात. मागे टोपलीसारखी वीण दिसते, म्हणून तिला बास्केटवीव्ह म्हणतात. तीत कॅनव्हास सर्वांत कमी वाकतो. भिंतीवर लावायच्या चित्राला अर्धी फुली पुरते. रोज पाठ टेकायच्या उशीला ती पुरत नाही. अनेक किटांत लोकर अर्ध्या फुलीपुरतीच मोजून दिलेली असते, म्हणून विकत घेतानाच विचारलेलं बरं. उशीची मागची बाजू अस्तराआड जाते, ती कुणी बघणार नाही. तरीही तिथे काटकसर करायची की नाही, हे मला माझ्याशीच ठरवावं लागतं.

इथवरचं सोपं आहे. आवडीपाशी आलं की गाडी अडते.

मला पोपटी आवडतो. राणी कलर आवडतो. पूर्वी अनेक मराठी घरांत दर्शनी भिंतीवर काचेच्या चौकटीत लोकरीने भरलेले पोपट, हरणं, राधाकृष्ण असत, ते मला मनापासून आवडतात. पण किटांच्या रांगेसमोर उभी राहिले की मी राखाडी आणि निळसर भूमितीच्या आकृत्यांकडे वळते, कारण मुलीच्या फ्लॅटमध्ये त्या शोभतील आणि पाहुणे 'अभिरुची चांगली आहे हं' म्हणतील. ती अभिरुची माझी नव्हे, मी भाड्याने आणलेली. पन्नास तास मांडीवर धरायच्या कामासाठी दुसऱ्याचे डोळे उसने घेणं मला पटत नाही, तरी मोह होतो. भडक रंग आवडतात हे उघड कबूल करायला जितकी हिंमत लागते, तितकी 18 नंबरचा कॅनव्हास भरायला लागत नाही.

आणि मग शेवटचा, जरा बोचरा प्रश्न. छापील कॅनव्हासवर चित्र दुसऱ्याचं, रंगही दुसऱ्याने ठरवलेले. मग 'हे मी केलं' असं म्हणण्याचा मला हक्क किती? हा संकोच नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये चौकड्यांच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला आले आणि पुढे युरोप-अमेरिकेत हजारो बायकांनी तीच फुलं भरली. विसाव्या शतकात अमेरिकेत मधलं फूल आधीच भरलेले कॅनव्हासही मिळत. घेणारीने फक्त पार्श्वभूमी भरायची. याला तिचं काम म्हणायचं का? उलट टोकाला स्कॉटलंडची राणी मेरी. इंग्लंडमध्ये कैदेत असताना तिने कॉनराड गेस्नरच्या प्राणिग्रंथातली चित्रं पाहून कॅनव्हासवर भरतकाम केलं. त्यातल्या एका तांबूस मांजरीसमोर तिने मूळ चित्रात नसलेला उंदीर घातला. मांजर म्हणजे तिला डांबून ठेवणारी, तांबड्या केसांची इंग्लंडची राणी एलिझाबेथ, असा अर्थ अभ्यासक लावतात. चित्र गेस्नरकडचं, उंदीर मेरीचा.

मला वाटतं, हक्काचा हिशेब इथेच मिटतो. नमुना दुसऱ्याचा असला तर तसं सांगावं. टाक्यांचा सारखेपणा, ओढीचा अंदाज, बदामी मैदानात न सोडलेला नेट, हे माझं. ते बिनसंकोच माझं म्हणावं. पार्श्वभूमी बदामीऐवजी पोपटी करावीशी वाटली तर वेगळी लोकर आणून करावी. किट म्हणजे काही शपथपत्र नव्हे.

तुम्ही पहिल्यांदाच घेत असाल, तर 10 किंवा 12 नंबरचा छापील कॅनव्हास घ्या, चित्र लहान घ्या आणि लोकर कोणत्या टाक्यासाठी मोजली आहे ते विचारा. कुणाला काय वाटेल हा विचार दुकानाबाहेर ठेवा. कुणीही बघणार नसेल तरी जे भरायला आवडेल, ते तुमचं किट.